पंखावरचा फुगवटा

मागच्या महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा पंख एवढा पातळ, मग त्यात मशीनगन मावायची कशी? विचारून तुम्ही जेवायला निघून गेलात. तुमचे आजोबा मात्र दुसऱ्या दिवशी प्लायवूड घेऊन आले.

आजोबांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात पंखांची ड्रॉइंग करण्यात गेली. आमच्या वरच्या मजल्यावरचे सुभेदार देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. आजोबांनी पंखाचा एक तुकडा खऱ्या मापाने करायचा आणि सुभेदारांनी पत्र्याची बंदूक, असं ठरलं. जेवणाचं टेबल त्यासाठी घेतलं गेलं. मला कोणी विचारलं नाही.

बंदूक पंखापेक्षा दोन बोटं उंच निघाली.

"पंख जाड करा, साहेब."

"वेग जाईल. बंदूक आडवी करा."

सुभेदारांनी ती कुशीवर निजवली. मावली. पण काडतुसांचा पट्टा आता तिरका वळून आत शिरू लागला आणि वळणावरच अडकला. पट्टा म्हणजे तारेने जोडलेल्या लाकडी खुंट्या. सुभेदारांनी तो पुन्हा पुन्हा ओढून दाखवला.

"विमान गिरकी घेईल तेव्हा हा आणखी जड होणार. ऐन वेळी बंदूक गप्प. मग पायलटने काय, हात हलवायचा?"

"तुमची तोफ जमिनीवर बसून असते, सुभेदार. तिला उडायचं नसतं."

"आणि तुमचा पंख कागदावर. त्याला लढायचं नसतं."

मी म्हटलं, बंदूक विमानाच्या नाकात बसवा. त्यावर दोघांनी एकमताने मला समजावलं, की समोर पंखा फिरत असतो, गोळ्या त्याच्या पात्यांमधूनच नेमक्या सुटायला हव्यात. त्या दिवशीचं ते एकमेव एकमत. सुभेदार चहा न घेता वर गेले आणि नंतर संध्याकाळी फिरायलाही येईनासे झाले.

एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. अंधारून आलं की आजोबांना पायरी आणि सावली सारखीच दिसते. फिरताना ते सुभेदारांचं कोपर धरतात. बघणाऱ्याला वाटावं, गप्पांच्या भरात धरलंय. सुभेदारही तसंच दाखवतात. मी बरोबर येते म्हटलं, तर आजोबा म्हणाले, आपल्याला फिरण्याची तशी आवड नाही. मग रोज संध्याकाळी ते बातम्या लावून बसू लागले. त्याच बातम्या, पुन्हा पुन्हा.

नोकरीत असताना पंखावर पत्रा जोडणारा एक रिव्हेट वर आलेला त्यांना खपत नसे. एका दुपारी त्यांनी करवत घेतली, पंखाच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, बंदूक उभी बसवली आणि वर येणाऱ्या भागावर पत्रा ठोकून फुगवटा केला. पट्टा सरळ आत गेला. दिवेलागणीला ते कठडा धरून एकटेच वर गेले. मी दारात उभी राहिले. हाक मारली नाही.

दोघं बरोबर खाली आले. सुभेदारांनी पट्टा ओढून पाहिला, मग फुगवट्यावरून हात फिरवला.

"गांधीलमाशी चावल्यासारखा दिसतोय, साहेब."

"वेग थोडा कमी होणार."

"होऊ द्या. बंदूक तर चालेल."

सुभेदारांनी कोपर पुढे केलं. आजोबा ते धरत म्हणाले, "आता बंदुकीचं तोंड जरा आत वळवायचं. दोन्ही पंखांतल्या गोळ्या समोर एका जागी मिळायला हव्यात."

"अडीचशे यार्डांवर."

"तीनशे."

"साहेब, तीनशेवर काय दिसणार?"

फाटकापर्यंत त्यांचा आवाज येत होता.