मशीनचा सत्कार

बाबा कबड्डीच्या मैदानावर पुन्हा पाय ठेवणार नाहीत, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. म्हणजे त्यांनीच ठरवलं होतं आणि आम्ही मुकाट्याने मान डोलावली होती. तरुणपणी त्यांनी पकडलेला गडी सुटला असं कधी कोणी ऐकलं नाही. तेच बाबा आता बाजेवर पडून फोनवर सामन्यांचं वर्णन ऐकायचे आणि पंचाचा राग फोनवर काढायचे.

त्यांची नजर फवारणीत गेली. बीटी कपाशी नवी होती तेव्हा बियाणं विकणारे छातीठोकपणे सांगायचे, आता बोंडअळीला औषधच मारायचं नाही. पहिली काही वर्षं तसं झालंही. मग गुलाबी अळी थेट बोंडाच्या पोटात जाऊन बसली आणि जो तो पुन्हा पाठीवर पंप बांधून शेतात उतरला. वारा उलटा फिरला आणि औषध बाबांच्या डोळ्यांत गेलं. दवाखाने झाले, थेंब झाले. आता उजेड कळतो, माणूस सावलीएवढा कळतो, त्यापुढे काही नाही. कापूस तर घरात आलाच नाही. त्या साली आमच्या शिवारात बहुतेकांनी उभ्या कपाशीत ढोरं सोडली.

त्यानंतर ते एकदाच शेजारच्या धाड गावी सामन्यांना गेले. तिथे एका स्वयंसेवकाने त्यांचा दंड धरला आणि भोंग्यावरून पुकारा केला, "यांना दिसत नाही, कृपया जागा द्या." बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आजूबाजूच्यांनी जे च्-च् सुरू केलं, ते ऐकून बाबा तसेच उठले आणि ठेचकाळत जीपमध्ये येऊन बसले. त्या दिवसापासून कोणाचा हात धरणं बंद. माझाही. भिंती चाचपत घरात फिरायचे, उंबऱ्याला अंगठा फोडून घ्यायचे, पण "धरू का?" म्हटलं की अंगावर यायचे. मला त्यांची दया कधीच आली नाही, राग मात्र यायचा. धडधाकट पायांचा माणूस बाजेला खिळून बसला, हे मला सोसत नव्हतं.

मी बुलढाण्याला तंत्रनिकेतनात शिकवते. धाडला राज्यभरातल्या संघांचे सामने ठरले तेव्हा तिथल्या मंडळाचे अध्यक्ष आमच्याकडे आले. परदेशातल्या मोठ्या स्टेडियममध्ये रोबोट लोकांना जागा दाखवतात, खेळाडूंना पाणी नेऊन देतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "मंग आपल्या धाडले काऊन नाई?" असा त्यांचा सवाल. हौसेला मोल नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर हातपाय असलेला, नमस्कार करणारा कोणीतरी होता. आम्ही त्यांना दिली चाकांवरची दोन निळी पिंपं. एक खेळाडूंना बर्फ आणि पाणी पोचवणारं. दुसरं फाटकापासून लोकांना गॅलरीतल्या जागेपर्यंत नेणारं. त्याला मागे सायकलचं हँडल होतं. जागेचं बटण दाबायचं, हँडल धरायचं, की ते आपलं हळूहळू चालू लागायचं. पोटाशी दोन काचेचे डोळे होते. समोर कोणी आलं की ते थांबायचं आणि माझ्या आवाजात वाट मागायचं.

ते नीट चालतं का, हे ज्याला दिसत नाही त्यानेच सांगायला हवं होतं. मी ते जीपमध्ये घालून घरी आणलं आणि बाबांना म्हटलं, "माझं काम अडलंय. तुमच्याशिवाय होणार नाही." हे खरंही होतं. त्यांनी नाक मुरडलं, पण हँडल धरलं. मशीन बोललं, "कृपया थोडी वाट द्यावी."

"हे कोन बोलून राह्यली?" बाबांनी विचारलं. "पुन्याची पाहुनी आनली का घरी?"

माय पदरात तोंड खुपसून हसायला लागली. मी निमूटपणे आमच्या बोलीत पुन्हा आवाज भरला. संध्याकाळपर्यंत बाबा त्या पिंपामागे गल्लीभर फिरून आले, शेळ्या चुकवत, उकिरड्याला वळसा घालत. परत आले तेव्हा घामाघूम होते आणि चेहरा उजळला होता. "हिचं एक बरं हाय," म्हणाले. "हे च्-च् नाई करत." मग म्हणाले, "सामन्याले येतो मी. पन फक्त हिच्यासंगं. मधात कोनी हात लावाचा नाई."

मी हो म्हटलं, पण जीव टांगणीलाच लागला. या वेळी काही बिनसलं तर ते पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

उद्घाटनाला मैदान फुलून गेलं होतं. मी पाण्याच्या मशीनपाशी, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होते. बाबा धुतलेला सदरा घालून फाटकाशी आले, बटण दाबलं, हँडल धरलं आणि निघाले. गर्दी आपोआप दुभंगत होती. ते व्यासपीठासमोर पोचले आणि अध्यक्षांना उमाळा आला.

आमच्याकडे पाहुणा आला की शेला आणि नारळ दिल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. मग तो आमदार असो की व्याही. अध्यक्षांनी माईकवर गर्जना केली, "हे मशीन आपल्या गावचं पाहुनं हाय!" खाली उतरून त्यांनी पिंपाला कुंकू लावलं, डोक्यावर नारळ ठेवला आणि भरजरी शेला पांघरला. टाळ्या कडकडल्या. अध्यक्ष परत वर गेले. मशीन मात्र जागचं हलेना.

"पुढं कोनतरी हाय. जरा सरका, भाऊ," ते म्हणालं.

पुढे कोणीच नव्हतं. स्वयंसेवकांनी तरी फोटोवाल्याला हाकललं, एका कुत्र्याला हाकललं. "जरा सरका, भाऊ," मशीन पुन्हा म्हणालं. मैदानात हशा पिकला. आणि मधोमध, सगळ्या गावासमोर, हँडल धरून बाबा उभे. मला लांबूनही दिसलं, शेला घसरून थेट काचेच्या डोळ्यांवर आला होता. आखलेल्या मैदानात चपला घालून कोणी उतरत नाही. मी चपला तिथेच टाकल्या आणि धावत सुटले. आता हे वळणार, आता हे घरी जाणार, एवढंच डोक्यात होतं.

बाबांनी हँडल सोडलं नाही. दुसरा हात पुढे नेऊन ते पिंप चाचपू लागले. नारळ लागला, मग कापड लागलं. मग जी ठेवणीतली हाळी ते पूर्वी मैदानात द्यायचे, तिच्यात ओरडले, "अध्यक्षसाहेब! पाहुनीच्या डोयावर पदर आला तुमचा! हिले दिसून नाई राह्यलं!"

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी बाबाही त्यात होते. त्यांनी शेला ओढून काढला, हँडलला गाठ मारून बांधला आणि म्हणाले, "चाल आता." मशीन चालू लागलं. मी मैदानाच्या मध्यावर अनवाणी उभी, पंच माझ्यावर शिट्टी फुंकतोय, आणि मला रडू आवरेना.

दिवसभर मी त्यांच्याकडे फिरकले नाही. शब्द दिला होता. शेवटचा सामना संपला तेव्हा दोन्ही मशीनची बॅटरी उतरलेली होती. बाबांना फाटकापर्यंत कोण आणणार, म्हणून मी गर्दीतून वाट काढत होते. तेवढ्यात ते समोरूनच येताना दिसले. त्यांचा हात एका म्हाताऱ्या चाचांच्या खांद्यावर होता. हे चाचा धाडच्या बाजारात दोरखंड विकतात. दिवसभर शेजारी बसून त्यांनीच बाबांना खेळ सांगितला होता. दोघे एका बोनस गुणावरून कडाकडा भांडत येत होते. चढाई करणाऱ्याचा मागचा पाय हवेत असेल तरच तो गुण मिळतो.

"तुमीच म्हनलं ना, मांगचा पाय जमिनीले होता म्हनून? मंग बोनस कायचा?"

"अरे भाई, मैं उस टाइम तमाखू मल रहा था. मेरे कू पूरा दिखा नहीं."

"घ्या!" बाबा भर रस्त्यात थांबले. "मंग आंधये तुमी का मी?"

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबा त्यांची पाठ थोपटत राहिले. मी हाताच्या अंतरावर होते, पण हाक मारली नाही. बोलत बोलत ते दोघे माझ्या अंगावरून पुढे जीपकडे गेले.