जोत्याचे दगड

"हात मागं. आधी डोळ्यानं शोध रं," असं म्हणत आमच्या गटातले काका स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि झाडाभोवती चौकशीला आलेल्या साहेबासारखे फिरायचे. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. न बघता पाइपाला हात लावला की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे निवृत्तीनंतरही हात मागेच राहिले.

आमचा छंद तसा रिकामटेकड्यांचा. कुणीतरी एक डबा लपवतो, जागेचे आकडे फोनवर टाकतो आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. सापडला की आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आठवण म्हणून एखादी वस्तू टाकायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. याला जिओकॅशिंग म्हणतात. काका म्हणायचे, "डबे शोधायची ड्युटी." लोक डब्यात प्लास्टिकची खेळणी टाकत, काका घासूनपुसून चकचकीत केलेला नटबोल्ट. "खेळन्याचं काय करनार? ह्यो कुनाच्या तरी कामाला येईल." एकदा कुंभिवलीला वडापावच्या गाडीमागे ते वाकलेले पाहून गाडीवाल्याने हटकलं, तर काकांनी त्यालाच शोधायला लावलं. डबा त्यालाच सापडला आणि त्या खुशीत त्याने आम्हाला चहा पाजला.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार.

मागच्या हिवाळ्यात कळंबच्या पुढे एका धरणाच्या तळ्याकाठी आमचा शनिवार-रविवारचा मेळावा ठरला. तिथे आता पार्क झालंय. लाकडी केबिन, झोपाळे, होड्या, सगळं आहे. काकांचं गाव त्याच पाण्याखाली गेलेलं. गाव उठलं तेव्हा प्रत्येक घराने आपल्या जोत्याचा एक दगड काठावर आणून ठेवला होता, आळीआळीने, जसं गाव होतं तसा. अजूनही वर्षातून एकदा माणसं येतात आणि आपापल्या दगडापुढे नारळ फोडतात. परक्याला मात्र तो गवत वाढलेला नुसता ढीग वाटतो.

पोहोचल्या पोहोचल्या काकांनी सगळ्यांना तिथे नेलं. "ह्या दगडांना कुनी हात लावायचा नाय. आमचं गाव हाय ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा आयोजक, ठाण्याचा एक चटपटीत गडी, त्याने तर लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडल्याचं चित्रही.

आणि याच गृहस्थाने रविवारच्या शोधाचा डबा त्या दगडांच्या पोटात नेऊन लपवला. अख्ख्या काठावर इतकी झकास जागा नव्हती म्हणे. काकांचं बोलणं ऐकूनच त्याला ती सुचली, असंही त्याने वर सांगितलं.

रविवारी सकाळी काका आणि मी पोह्यांच्या रांगेत उभे होतो, तेवढ्या वेळात सगळ्या टोळ्या त्या दगडांवर तुटून पडल्या. फोनवरचे आकडे तिथलेच होते. प्रत्येक टोळीने नाव लिहिलं, झाकण घट्ट लावलं आणि नियमाप्रमाणे डबा होता तसा ठेवला. दगड मात्र चहूकडे. काही दगड कुणीतरी चहाच्या चुलीला लावले होते, ते काळे पडले होते. लिहितानाही माझं डोकं तापतं. प्लास्टिकच्या डब्याची एवढी काळजी घेणाऱ्या या शिकल्यासवरल्या माणसांना आदल्या दिवशी स्वतः डोलावलेली मान आठवली नाही.

"सॉरी काका," आयोजक म्हणाला. "आपण परत रचून देऊ. दगडच आहेत, एकही हरवला नाही."

"रच की." काकांचा आवाज चढला नव्हता. "ह्यो कुनाच्या घरचा, सांग."

त्याने खांदे उडवले. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्यावर चारचौघं मलाच समजवायला लागले की मूड कशाला घालवतोस, केबिन रिकामी करायची वेळ झालीय. माझ्या आयुष्यात मला माणसांची इतकी चीड कधी आली नव्हती.

काका खाली बसले. आपल्या आळीचे दगड त्यांनी ओळखले आणि लावले. वरच्या आळीचे त्यांनाही ओळखू येईनात. गाव उठलं तेव्हा ते नवीन नोकरीत अडकलेले होते, आणि तिथली जाणती माणसं एव्हाना एकेक करून गेली होती. उरली होती ती वरच्या आळीत दिलेली त्यांची आत्या, पनवेलला लेकाकडे असलेली.

त्या दिवसानंतर काका आमच्यात आले नाहीत. फोन केला तर उचलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. मला आठवतात ते त्या सकाळचेच काका, एका हातात व्हिडिओ कॉल लावलेला फोन धरून दुसऱ्या हाताने दगड उचलून दाखवणारे.

"ह्यो बग आत्ये. कडेचा टवका गेलाय. कुनाचा?"

"दिसत नाय रं मला."

"मग ह्यो? लांबट हाय. थांब, उनात धरतो."

काकांनी दगड उन्हाकडे वळवून फोनपुढे धरला. मग आत्या म्हणाली, "ठेव रं कुटंबी. आता कोन घर शोधत येतंय."

काकांनी फोन खिशात टाकला. पार्किंगमधून आमचा बसवाला हॉर्न वाजवत होता. तो लांबट दगड काकांनी मांडीवर घेतला आणि तसेच बसून राहिले. आम्ही निघालो तोवर त्यांनी तो खाली ठेवला नव्हता.