मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

आमचे मास्तर गाडी शिकवताना कधी ओरडले नाहीत. हे मी कौतुकाने सांगत असे. सतरा वर्षं मी त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर फॉर्म भरतेय, आणि येईल त्याला माझं एकच पालुपद: "घाबरू नका, आमचे मास्तर गरीब गाय आहेत." दुसरीकडे ओरडा खाऊन कंटाळलेले लोक आमच्याकडे येत आणि पहिल्या फटक्यात पास होऊन जात. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. दोन्ही एका दांड्याने जोडलेले, त्यामुळे मास्तरांनी आपला दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही खाली जातो. कुणी उशीर केला की मास्तर हळूच पाय टेकवत, गाडी थांबे, आणि वर म्हणत, "वा, छान दाबलात!" त्या माणसाला वाटे आपणच दाबला. तो खूश, मास्तर खूश, काउंटरवर मी खूश.

ट्रकांच्या बाबतीत मात्र ते कुणाची गय करत नसत. "ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही? मग त्याच्या लेखी तुम्ही जन्मालाच आला नाहीत." ट्रकच्या कडेने रेंगाळायचं नाही, पुढे जायचं तर सरळ निघून जायचं. आपल्या आरशात त्याचे दोन्ही दिवे दिसल्याशिवाय त्याच्यासमोर यायचं नाही. मागे असाल तर त्याने खांब ओलांडला की मनात चारपर्यंत मोजायचं, त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. हे सगळं त्यांच्या लेकीला पाचवीच्या कवितेसारखं पाठ होतं. तीही त्यांच्याच हाताखाली शिकली, परीक्षेलाही ते शेजारी होतेच, पहिल्या फटक्यात पास झाली. पेढे मीच खाल्ले होते.

दोन वर्षं घरी बसल्यावर तिला नोकरी लागली. अडतीस किलोमीटरवरच्या इस्पितळात, रक्त तपासायच्या विभागात. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. त्या वेळेला तिकडे बस नाही आणि रस्ता सगळा हायवेचा. तिने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि शनिवारी दुपारी सरावाला म्हणून आम्हा दोघांना घेऊन निघाली. मास्तर शेजारी, मी मागे.

पोरीने सगळं नीट केलं. चार मोजून अंतर ठेवलं, कुठे रेंगाळली नाही. मग पुढच्या ट्रेलरचे मागचे लाल दिवे लागले. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मास्तरांचा पाय धाडकन खालच्या पत्र्यावर आपटला. तिथे ब्रेक नव्हताच. ट्रेलरच्या मागचा लोखंडी आडवा दांडा काचेत मोठा होत गेला. मी किंचाळले, तेव्हा तिने दाबला. दांडा आणि आमच्या गाडीचं नाक यात वीतभर जागा उरली होती.

"या गाडीचा ब्रेक उशिरा लागतो, बाबा," ती म्हणाली.

आम्ही तसेच मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाकं काढून पाहिलं, एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "ब्रेकला काही धाड भरलेली नाही. दाबला की लागतो."

मास्तर त्याच्या दुकानातल्या टायरवर बसले ते उठेचनात. मला वाटलं छातीत दुखतंय. "ब्रेक खाली जायची वाट बघत होती ती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सहा महिने तिचा ब्रेक मीच दाबत होतो. शाबासकी तिला देत होतो."

तिने ते ऐकलं. "म्हणजे मला गाडी येतच नाही?"

"येते गं. फक्त..."

"फक्त थांबवता येत नाही!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. "मला का नाही सांगितलंत? दोन शिव्या घातल्या असत्यात तर मी मेले असते का?"

रविवारी सकाळपासून मास्तर तिला घेऊन हायवेला होते. दुपारी एका पेट्रोल पंपावर मी डबा घेऊन गेले, तर दोघांचे चेहरे उतरलेले. मास्तरांनी मागच्या सीटवर बसून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. काही उपयोग नाही. "तुम्ही श्वास रोखलात की मला कळतं," ती म्हणाली. "मी त्यावरच दाबते. ट्रककडे बघतच नाही."

मग मास्तरांनी जे केलं ते करायला काळीज लागतं. ते गाडीतून उतरले. पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून एकटीने परत ये म्हणाले. पंधरा मिनिटांचं काम. ती गेली आणि आम्ही हवा भरायच्या मशीनपाशी उभे राहिलो.

पंधराची वीस मिनिटं झाली. मास्तर येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागे वाकून बघत होते. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी माझा दंड धरला. "हो म्हणा," ते म्हणाले. "येईल म्हणा." मी येईल म्हटलं. खरं सांगायचं तर माझा माझ्या शब्दावर विश्वास नव्हता. मला डोळ्यांपुढे तिच्या गाडीचे वाकलेले पत्रे दिसत होते आणि काउंटरवरची माझी सतरा वर्षांची बडबड ऐकू येत होती. मी पाणी आणायला हलले तरी मास्तर माझा दंड सोडत नव्हते.

एकतिसाव्या मिनिटाला गाडी आली. पोर उतरली. दाराला धरून बोलली.

"एक टँकर एकदम थांबला. मी पाय ठेवला आणि वाट बघितली, बाबा. परत वाट बघितली. मग डोक्यात आलं, तुम्ही नाही आहात. मग दाबला. नंतर कडेला थांबून उलटी झाली."

"किती अंतर राहिलं होतं?"

"ते विचारू नका."

मास्तर तरातरा पलीकडच्या दाराशी गेले. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. आठवडाभर रोज येतो. तोंडातून शब्द काढणार नाही."

ती परत आत बसली आणि तिने आतून त्या दाराचा खटका लावला.

"नको बाबा. तुम्ही शेजारी बसलात तर मी मरेन."

आवाज चढवला नव्हता तिने. मास्तरांनी काचेवरचा हात काढून घेतला. तिने गाडी चालू केली, आरशात दोनदा पाहिलं आणि ती ट्रकांच्या रांगेत शिरली. आम्ही दोघं घरी जायला बस शोधू लागलो.