कचरूआबांचा कान

जळोचीजवळच्या आमच्या कारखान्यात बोटींचे पितळी पंखे ओततात. कचरूआबा प्रत्येक पंखा टांगून हातोडीनं ठोकायचे. घंटेसारखा घुमला तर पास. बद्द वाजला तर आत चीर, परत भट्टीत. ग्राइंडरच्या कर्कश्श आवाजात चाळीस वर्षं गेली, पण आबांचा शब्द अखेरचा.

परवा त्यांनी ओळीनं चार पंखे नापास केले. "ओतताना ध्यान कुठं असतं रं तुमचं?" आमच्यावरच खेकसले. सगळे पंखे खणखणीत घुमले होते. तरी आम्ही ते भट्टीत टाकले. सांगायची छाती कुणाची?

पाचवा त्यांनी दोनदा ठोकला.

"करुणा, ह्यो बी बद्दच वाजला का गं?"

पंखा अजून घुमत होता.

"व्हय आबा," मी म्हणाले.