पोचल्याचं तिकीट

माझ्या सासूबाईंना ऐकू येत नाही असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. 'आईंना जरा कमी येतं' असं म्हणायची पद्धत आहे. खरी गोष्ट अशी की डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच थोडंफार आत जातं. कानाचं मशीन आणलेलं आहे, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून डबीत असतं. त्याच्या शेजारी कपाटात त्यांचा जुना बटणांचा मोबाइल पडून असायचा. ऐकूच येत नाही तर तो बरोबर मिरवायचा कशाला, असा त्यांचा सवाल, आणि त्याला तोवर कोणाला उत्तर सापडलेलं नव्हतं.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. मी बदलापूरला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. सकाळी उलट्या दिशेची गाडी असते, त्यामुळे खिडकीशी बसून जाते, पास मोबाइलमध्ये असतो, तक्रारीला जागा नाही. तरी मी तक्रार करतेच, स्वभाव आहे. आणि तेव्हा माझी सगळ्यात जुनी तक्रार सासूबाईंच्या गॅलरीत उभं राहण्याची होती. संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळले की त्या ग्रिलला धरून उभ्या. उशीर किती झाला ते बघायला उभ्या राहतात, अशी माझी खात्री होती. मी वर न बघता जिना चढायची.

पण मंगळवारच्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची. त्यांची धाकटी बहीण अंबरनाथला असते. अर्धांगवायूनंतर ती अंथरुणालाच खिळली, बोलणंही अडखळतं. केस मात्र अजून कमरेपर्यंत आहेत. सोयीसाठी कापून टाकू या, असं घरच्यांनी सुचवलं तेव्हा तिने दोन दिवस जेवण सोडलं. रोज तिची सून वरवर विंचरते, पण मंगळवारी आमच्या सासूबाईच जाऊन तेल लावतात, गुंता सोडवतात आणि घट्ट वेणी घालतात. एकीला बोलता येत नाही, दुसरीला ऐकू येत नाही, तरी दोघींच्या दुपारभर गप्पा चालतात. मी एकदा तिथे बसून बघितलं आहे. मला त्यातलं काही कळलं नाही, त्यांना सगळं कळत होतं.

गुडघ्यांमुळे स्टेशनचे जिने जमत नाहीत, म्हणून त्या शहर-बसने जायच्या, येताना बहिणीचा मुलगा आणून सोडायचा. बसमध्ये हाल व्हायचे. कंडक्टर विचारणार कुठे जायचं, ह्या सुटे पैसे काढून देणार. तो म्हणणार सुटे नकोत, उतरायचं कुठे ते सांगा, ह्या पुन्हा पैसेच पुढे करणार. लोक हसायचे. हसलेलं मात्र त्यांना दिसायचं. एकदा त्यांचा स्टॉप आला, कंडक्टरने हाक मारली, ह्यांना कळलंच नाही. बस शेवटपर्यंत गेली. माझा नवरा स्कूटर घेऊन संध्याकाळपर्यंत शोधत होता. आई सापडल्या तेव्हा शांतपणे रस्त्याच्या कडेला शेंगा खात बसल्या होत्या, आणि बहुधा त्यामुळेच तो जास्त भडकला. म्हणाला, बस झालं, आता एकटीने जायचं नाही, मी रविवारी नेत जाईन.

सासूबाई म्हणाल्या, रविवारी तिच्याकडे पाहुणे येतात. पाहुण्यांसमोर ती केस सोडत नाही.

मग मी नवऱ्याशी भांडले. त्यात मी पटाईत आहे. हल्ली बसमध्ये कार्ड चालतं, त्यात बोलावं लागत नाही, ऐकावं लागत नाही, नुसतं मशीनला टेकवायचं, असं मी त्याला पटवलं. सासूबाईंच्या खात्यावर तसं कार्ड काढून घेतलं. खातं त्यांचं असलं तरी बँकेत नंबर माझा दिलेला आहे, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. त्या वेळच्या बसवर बहुतेक एकच कंडक्टर असायचा. मी एक दिवस विठ्ठलवाडीच्या स्टॉपवर त्याला गाठून सासूबाई दाखवल्या, त्यांचा स्टॉप सांगितला. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. खांद्याला हात लावून उतरवतो मावशींना."

नवरा तयार झाला, पण एका अटीवर. पुन्हा एकदा काही घोळ झाला तर मंगळवार बंद, आणि मग तू मध्ये पडायचं नाहीस. मी हो म्हणाले.

सासूबाईंना धीर यावा म्हणून मी पहिल्या मंगळवारी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. त्यांनी कार्ड टेकवलं, लगेच माझा मोबाइल वाजला. तो त्यांच्यापुढे धरून मी खुणेने सांगितलं, बघा, तुम्ही टेकवलं की मला इथे कळतं. त्या खुदकन हसल्या. कळलं म्हणून मान हलवली. त्यांना काय कळलं ते मला बऱ्याच दिवसांनी समजलं.

पुढच्या मंगळवारी मला दोन मेसेज आले. एक त्या बसमध्ये बसल्या तेव्हा, दुसरा अंबरनाथला पोचायच्या सुमाराला. त्यानंतरच्या मंगळवारीही तेच. माझं डोकं फिरलं. बहिऱ्या बाईकडून दोनदा तिकीट काढतो म्हणजे काय? सुट्टी होती त्या दिवशी स्टॉपवर जाऊन मी कंडक्टरला चांगलंच फैलावर घेतलं. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, मावशी उतरताना परत कार्ड पुढे करतात. लागत नाही म्हटलं तरी हटत नाहीत, पायरीवर उभ्याच राहतात, मागून लोक बोंब मारतात. मग मी पुढच्या स्टॉपचं लहानातलं लहान तिकीट फाडतो, तेव्हा कुठे उतरतात.

घरी येऊन मी सासूबाईंच्या कानात ओरडून विचारलं. त्यांना माझ्याच अकलेची कीव आली असावी. म्हणाल्या, पोचल्यावर कळवायला नको का?

मग माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे कोणीही गावाला गेलं की पोचल्यावर एक मिस कॉल द्यायचा, समोरच्याने उचलायचा नाही, अशी रीत होती. फोन करायला पैसे पडायचे त्या काळातली. एक रिंग वाजून तुटली की घरात सगळे सुटकेचा श्वास सोडायचे. सासूबाईंच्या हिशेबी कार्ड म्हणजे नव्या तऱ्हेचा मिस कॉल. बसताना निघाल्याचा, उतरताना पोचल्याचा. प्रवासाचे पैसे त्यातून जातात ही त्यांच्या दृष्टीने बँकेची भानगड होती. मी समजावायचा प्रयत्न केला नाही. खरं म्हणजे ते दुसरं तिकीट मला आवडायला लागलं होतं. मंगळवारी शाळेत तो मेसेज आला की मी डबा उघडायची.

मग एका मंगळवारी तो आला नाही.

पहिला आला होता. दुसऱ्याची वाट बघत मी आधी फी भरायला आलेल्या पालकांवर खेकसले, मग अंबरनाथच्या मावशींच्या, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीच्या घरी फोन लावला. त्यांची सून म्हणाली, नाही आल्या अजून, आमच्या सासूबाई केस सोडून बसल्यात कधीच्या. नवऱ्याला फोन करायचा विचार आला आणि तसाच परत गेला, कारण त्याला सांगितलं की मंगळवार संपला. मी हेडबाईंना काहीतरी सांगून निघाले, मिळेल ती गाडी पकडली, अंबरनाथला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, स्टॉपवरून ने, हळू चालव. रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पांढरा अंबाडा मला त्यांचाच वाटत होता.

सासूबाई मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी होत्या. स्टॉपच्या बाकड्यावर बसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून तेलाची बाटली आणि अबोलीचा गजरा डोकावत होता. तिथून मावशींचं दार दिसत होतं. हातात कार्ड.

मी खूप ओरडले. स्टॉपवरचे लोक वळून बघायला लागले, त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझं ओरडून झाल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. आज कंडक्टर दुसराच होता. नेहमीच्याने त्याला सांगून ठेवलं असावं, त्यांचा स्टॉप त्याने चुकवला नाही, पण उतरताना त्याचं मशीन बंद पडलेलं. त्याने हात हलवून नाही म्हटलं आणि खाली उतरवलं. मग त्या पुढच्या बसची वाट बघत थांबल्या. ती आली, त्यांनी पायरीवरून कार्ड पुढे केलं, तो कंडक्टर म्हणाला असावा की चढा नाहीतर बाजूला व्हा. बस गेली. त्यानंतरच्या बसलाही तसंच. आता तिसरीची वाट बघत होत्या.

मी कानाशी जाऊन म्हटलं, "अहो आई, दार समोर दिसतंय. आत जाऊन बसायचं ना."

"पोचल्याचं तुला कळलं नसताना कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "तू तिकडे जीव टांगून बसली असशील."

"एवढं काय त्यात? एखाद्या दिवशी नाही कळलं तर?"

बहिऱ्या माणसांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्या नेहमी मोठ्याने बोलतात. हे मात्र त्यांनी हळू म्हटलं. "मला माहीत आहे काय असतं ते. तू रोज जातेस. पोचलीस का, निघालीस का, मला कोण सांगतं? संध्याकाळी कोपऱ्यावर दिसलीस की मग मी बसते."

इतकी वर्षं मी त्या गॅलरीखालून मान वर न करता गेले होते. मी त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं, पिशवी उचलली आणि आम्ही मावशींकडे गेलो. मावशींनी आम्हाला बघून तोंड फिरवलं, रुसल्या होत्या. सासूबाई पलंगावर त्यांच्या पाठीशी बसल्या आणि तेलाची बाटली उघडली. अर्धी वेणी झाली तोवर रुसवा गेला होता. मी खाली बसून गजऱ्याचा दोरा धरला.

रात्री नवऱ्याने विचारलं, आज ठीक झालं ना सगळं? मी म्हटलं, मशीन बिघडलं होतं, आई वेळेवर पोचल्या होत्या. यात खोटं काही नव्हतं. सासूबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मग मी कपाटातला जुना मोबाइल काढला, चार्जिंगला लावला, रिचार्ज मारला, नुसता थरथरेल असा करून ठेवला. सकाळी त्यांच्या कमरेच्या बटव्यात घातला आणि कानात सांगितलं, एकदा हलला की मी बदलापूरला पोचले, संध्याकाळी हलला की मी परतीच्या गाडीत बसले. उचलायचा नाही. हे मात्र मला सांगावं लागलं नसतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी एक रिंग देऊन तोडली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा एक. विठ्ठलवाडीला उतरून कोपऱ्यावर वळले आणि पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. ग्रिलपाशी कोणी नव्हतं. जिना धावत चढले, किल्लीने दार उघडलं. सासूबाई आतल्या खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या, भर दिवेलागणीला, तोंड जरा उघडं, बटव्यावर मूठ आवळलेली. या वेळेला त्यांना झोपलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. मी चपला आवाज न करता काढून ठेवल्या, आणि आवाज झाला असता तरी त्या उठणार नव्हत्या हे मला त्यानंतर आठवलं.