मशीनला काळंच कळतं

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! हा किस्सा ऐकताना आमच्या बावडा गावात आत्तापर्यंत तिघांनी चहा स्वतःच्या शर्टावर सांडलाय, आणि धुवायची पावडर माझ्याकडं मागितलीय.

तर पहिल्यांदा माझी एक खोड सांगतो. कागद हातात आला की त्याचं लॅमिनेशन केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बोअरच्या मोटारीची गॅरंटी, म्हशीच्या विम्याचा कागद... सगळं प्लास्टिकात! इंदापुरात तहसीलच्या बाहेर झेरॉक्सवाले बसतात ना, ते मला लांबून बघितलं की मशीन तापत ठेवतात. आणि हसू नका, आमच्या भागात सगळ्यांचंच थोडंफार असं आहे. एक दाखला पावसात भिजला की पुन्हा किती चकरा माराव्या लागतात, ते तुम्हाला काय माहीत? मी फक्त इतरांपेक्षा दोन पावलं पुढं.

आता तात्या. तात्या म्हणजे माझे चुलते. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली, पण पाठ ताठ आणि डोक्याला गुलाबी पटका. उभं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. त्यांची नात रूपाली पुण्यात मेट्रो चालवते. हो, चालवते! सगळ्यांत पुढं बसून! तिनं ही नोकरी धरली तेव्हा तात्या असले भडकले होते की विचारू नका. "पोरीनं आगगाडी हाकायची व्हय? लोक तोंडात शेण घालतील!" तेव्हापासून आज्या-नातीत धड बोलणं नव्हतं.

शेवटी दिवाळीला आली तेव्हा रूपाली म्हणाली, "तात्या, एकदा माझ्या गाडीत बसा. मग काय बोलायचं ते बोला."

तिसऱ्या दिवशी तात्या मला म्हणाले, "बापू, मला पुण्याला घिऊन चल."

झालं! तात्यांना नातीच्या गाडीत बसवायची जबाबदारी माझ्यावर. मी आठ दिवस अभ्यास केला. एकेरी तिकीट काढावं, की मोबाईलवरचं तिकीट, की ते टेकवायचं कार्ड, की पास? रूपाली फोनवर म्हणाली, "काका, एका दिवसाचा पास घ्या. तात्यांना हवं तितकं फिरता येईल. पण दहा चाळीसची गाडी चुकवू नका हं. ती माझी शेवटची फेरी, मग माझी ड्यूटी संपते."

"तू काय काळजी करू नको," मी म्हणालो. "पासाचं माझ्यावर सोड."

पास म्हटल्यावर मी तयारीनं गेलो. दोघांचे फोटो, आधारच्या झेरॉक्स, रहिवासी दाखला, सगळं एका फायलीत. पहाटेच्या एसटीनं इंदापूर सोडलं आणि साडेनऊला पुण्यात मेट्रोच्या स्टेशनात हजर.

आणि ते स्टेशन! आम्ही दोघं दारातच थांबलो. जमीन अशी चकचकीत, की तात्या चपला काढायला लागले. "देवळापरीस सोच्छ हाय रं," म्हणाले. मी म्हणालो, "तात्या, घाला चपला, लोक बघत्यात." पण खरं सांगू? काढाव्यात असं मलाही वाटलं होतं.

खिडकीतल्या बाईंपुढं मी फाईल उघडली. "दोन पास. एका दिवसाचे. फोटो डकवायला गोंद हाय का?"

त्या म्हणाल्या, "फोटो नको, काका."

"मग आधार?"

"काहीच नको." आणि मशीनमधून कर्रकन दोन चिठोऱ्या बाहेर! वर चौकोनी ठिपक्यांची नक्षी. बस्स.

मी चिठोरी उलटी केली, सुलटी केली. "बाई, सही? शिक्का?"

"काका, गेटला दाखवा, गेट उघडेल."

आता मला सांगा, ना सही, ना शिक्का, ना फोटो, आणि ह्या कागदावर सरकार आपल्याला दिवसभर पुणं फिरवणार! असल्या कागदाची आपण काहीतरी इज्जत ठेवायला नको? शिक्का नाही तर निदान लॅमिनेशन तरी?

स्टेशनच्या समोरच झेरॉक्सचं दुकान होतं. नशीबच म्हणायचं!

तात्या मात्र पास देईनात. त्यांनी तो पटक्याच्या घडीत खोचला होता. "म्या माझं जन्माचं कागूद हितंच ठिवलं. एक बी हारपलं न्हाय."

"घामानं भिजंल तात्या! मग गेटात आडकला तर मला बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत. जा तू."

दुकानातल्या ताईंनी माझा पास हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो काका, हा कागद गरम केला तर..."

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "ताई, लॅमिनेशन आमाला शिकवू नका. इंदापुरात इचारा माझं नाव."

ताईंनी खांदे उडवले आणि पास मशीनमध्ये सोडला. पलीकडून जो बाहेर आला, तो काळा. काळा म्हणजे कसा? तव्याची मागची बाजू! नक्षी नाही, अक्षर नाही, काही नाही. वर प्लास्टिक मात्र एक नंबर बसलं होतं.

"मी तेच सांगत होते," ताई म्हणाल्या.

इथं शहाणा माणूस काय करेल? गुपचूप दुसरा पास घेईल. पण मी शहाणा असतो तर तुम्ही इथं बसला असता का? माझ्या डोक्यात वीज चमकली. एटीएमचं कार्ड आठवलं. त्याच्या मागं काळी पट्टी असते की नाही? मशीन तीच वाचते की नाही? तिथं नुसती पट्टी, आणि माझा अख्खा पास काळा!

"पडू द्या काळा," मी ऐटीत म्हणालो. "मशीनला काळंच कळतं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तात्यांपाशी येऊन मी वर त्यांचीच कीव केली. "तुमचा पांढराच राहिला, तात्या. माझ्या मागं मागं या, मी करतो तसं करा."

दहा पस्तीस. गेटापुढं मी, मागं तात्या, त्यांच्या मागं अख्खं पुणं. मी काळा पास काचेवर ठेवला. काही नाही. पालथा ठेवला. काही नाही. शर्टाला पुसला, फुंकर मारली, जोरात दाबला. गेट ढिम्म!

मागून एकजण ओरडला, "अहो काका, ते काय टाईल लावताय का?"

तेवढ्यात शेजारच्या गेटाशी तात्या गेले. पटक्यातनं चिठोरी काढली, काचेवर धरली. टुंग! गेटाची दोन्ही पाखं उघडली, तात्या आत, पाखं बंद. मी बाहेर.

"तात्या, थांबा! तुमाला एकट्याला जमायचं न्हाय!"

तात्यांनी वळून बघितलं. "बापू, नात माझी हाय, गाडी थोडीच माझी हाय? ती कशापायी थांबंल?" आणि जो माणूस सरकता जिना बघून मघाशी दोन पावलं मागं सरला होता, तो काठी टेकून त्यावर उभा राहिला आणि ताठ मानेनं वर निघून गेला. देवळाच्या पायऱ्याच त्याला घेऊन वर चालल्यासारख्या!

मी खिडकीकडं पळालो. बाईंनी माझा पास उजेडात धरला. "काका, हे काय आहे?"

"पास हाय. आत हाय, काळ्याच्या आत!"

"अहो, हा कागद उष्णतेनंच छापतात. तुम्ही सगळाच छापून आणलात."

नव्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं वीसेक माणसं. दहा एकोणचाळीस. आता काय करता? मी बाहेर रस्त्यावर पळालो आणि मान वर करून उभा राहिलो.

आणि स्टेशनातनं बाहेर आली हो! डोक्यावर, त्या उंच खांबांवरून, आवाज सुद्धा नाही धड. ऊन तिच्या काचांवर असं पडलं होतं की डोळे दिपले. पुढच्या काचेआड निळ्या गणवेशातली एक आकृती, आमची रूपी! शाळेतनं आली की शेळ्या वळायला पळायची ती रूपी! आणि पहिल्याच खिडकीत गुलाबी पटका. तात्यांनी हात जोडले होते. कुणाला, ते मला अजून माहीत नाही.

भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, मी पण हात जोडले. हातात तो काळा पास होताच.

तासाभरानं तात्या आणि रूपाली दोघं हसत परत आले. तात्या म्हणाले, "बापू, खाली नदी आली रं. जिथनं मी मेंढरं उतरवायला आर्धा दिस मोडायचो, ती नदी. आन् ह्या पोरीनं एकदा बी इकडं-तिकडं बघितलं न्हाय. नजर निस्ती वाटंवर."

"मग तिला काय बोललात?"

"बोलायला काय ठिवलंय तिनं?"

मग दिवसभर तात्या पासावर फिरले. मी एकेक तिकीट काढून त्यांच्या मागं मागं. "हितं दाबू नको, निस्तं धर," असं ते मला प्रत्येक गेटाला शिकवत होते.

परत आल्यावर तात्यांनी आपला पास काचेच्या फ्रेममध्ये घालून दाराजवळ लावला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले. "तुझा काळा पास दे."

मला भरून आलं. म्हटलं, माझीही आठवण ठेवतायत! दिला.

आता त्यांच्या घरी कुणी आलं की फ्रेमखाली दोऱ्यानं लटकणारा तो काळा चौकोन बघून विचारतंच, "तात्या, ह्ये काय?"

तात्या गंभीर तोंडानं सांगतात, "गाडीला दिष्ट लागू न्हाय म्हनून लोक काळी बाहुली बांधत्यात. पोरीच्या गाडीसाठी आमच्या बापूनं पुण्याला जाऊन पेशल करून आणलीया."

आणि लॅमिनेशन इतकं पक्कं बसलंय, की ती पुढची पन्नास वर्षं तरी खराब व्हायची नाही!