गिलास वंदीचा होता

दारू पोटात गेली की मी सगळं बकतो. कुणापासून काय लपवलं, कुणाला मागून काय बोललो — सगळं. पण हे एक दारूतही कधी ओठांवर आलं नाही. म्हणजे बघा, किती खोल पुरून ठेवलं असेल. आज शुद्धीत सांगतोय. आणि मधेच 'लहान होतास रे तेव्हा' असं म्हणू नका, डोकं फिरतं माझं. बावीस वर्षांचा घोडा होतो मी.

आम्ही ब्रह्मपुरीजवळचे ढिवर. बाबा गावच्या तलावात मासोळी धरायचे आणि ब्रह्मपुरीच्या बाजारात विकायचे. घरात बारा महिने थर्माकोलचा मोठा डबा, डब्यात बर्फ, बर्फात मासोळी. अशा घरात एक लॅपटॉप आला. दोन हजार सालानंतरची गोष्ट, गावात दुसरा नव्हता. जुना, कुणीतरी वापरून टाकलेला. बाबांनी तो दोघांसाठी आणला — माझ्यासाठी आणि माझ्या धाकट्या बहिणीसाठी, वंदीसाठी. मी त्यावर काय करायचो? पिक्चर बघायचो. वंदी बारावी झाली होती, तिला नागपूरला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. बाबा अजून हो म्हणाले नव्हते, पण नाही म्हणायचं त्यांनी सोडलं होतं.

तो लॅपटॉप तापायचा. आमच्याकडे मे महिन्यात खाटेच्या लोखंडी पायाला हात लागला तरी चटका बसतो, तिथे त्या मशीनचं काय? अर्ध्या पिक्चरमध्ये फटकन बंद. वंदीनं मात्र त्याची नस ओळखली होती. गादीवर ठेवू द्यायची नाही. खालून हवा जावी म्हणून तिनं चारी कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवली होती. पंख्याच्या जाळीतली धूळ रंगाच्या ब्रशनं काढायची. स्वतःचं काम सकाळी गारव्यात उरकायची आणि दुपारी कुणाला हात लावू द्यायची नाही — मलाही नाही.

एका दुपारी माझे दोस्त आले होते. पिक्चर ऐन रंगात आला आणि मशीन बंद पडली. वंदी आतून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, तुले कितीदा सांगतलं, तापला त ठेवून देत जा. तुले समजत काऊन नाई?"

दोस्त हसले. एवढंच झालं होतं हो — दोस्त हसले. तेवढ्यावर माझं टाळकं सरकलं.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली आणि मी थर्माकोलचा डबा उघडला. मासोळीवरच्या बर्फावर खताची धुतलेली पिशवी अंथरली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला, पिक्चर लावला. घरात एवढा बर्फ असताना त्या पोरीची झाकणं कशाला पाहिजेत? लॅपटॉप थंडगार राहिला. पिक्चर शेवटपर्यंत चालला. काय शहाणा समजलो मी स्वतःला! बाहेर काढला तर त्याला घाम फुटलेला, थंड बाटलीला फुटतो तसा. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. खाली मासोळीचा एक खवला चिकटला होता, तो नखानं उडवला. आणि तिच्या झाकणांवर, तिच्या जागी, होता तसा ठेवून दिला.

संध्याकाळी वंदी बसली. शेजारी पाण्याचा गिलास — तिची सवयच ती. बटण दाबलं, पडदा एकदा लुकलुकला आणि गेला. पुन्हा कधी लागला नाही.

ब्रह्मपुरीच्या दुकानदारानं तो उघडला. आत पाणी गेलंय म्हणाला. मासोळीचा वास मारतोय म्हणाला आणि नाकाला रुमाल लावला. बाबांनी मान खाली घातली. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. आणि गंमत बघा — त्याच वासानं मला पकडून द्यायला हवं होतं. पण ढिवराच्या घरात मासोळीच्या वासाला कोण विचारतो?

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "पानी कोनं सांडवलं?"

"मी नाई सांडवलं, बाबा," वंदी म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो — "वंदी त गिलास घेऊनच बसते."

आहे का ह्यात काही खोटं? एक अक्षर खोटं नाही. गिलास वंदीचा होता, ती घेऊनच बसायची. हरामखोरी इतकी स्वच्छ करता येते, ह्याचाच मला आजही संताप येतो. पाणी तिनं सांडलं असं सरळ म्हणायचीही माझ्यात हिंमत नव्हती.

"घरची मशीन सांभाळता नाई येत, नागपूरले जाऊन काय करतेस?" बाबा तिला म्हणाले आणि जेवायला बसले. मीही बसलो. वंदीनं वाढलं. पोटभर जेवलो मी. नागपूरचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, अहेरीकडे दिली. आता सगळं बाबांवर ढकलू? त्यांना कारण हवंच होतं, हे खरं आहे. पण ते त्यांच्या हातात कुणी ठेवलं?

मागच्या महिन्यात अहेरीला गेलो होतो. वंदीची मुलगी कॉलेजात जाते, लॅपटॉपवर काहीतरी करत बसली होती. मला पाहून उठली, पाणी आणलं आणि गिलास तिथेच टेबलावर ठेवला. वंदी चुलीपासून उठून आली. गिलास उचलून तिनं माझ्या हातात दिला.

"त्याच्याजवळ पानी नोको ठेवत जाऊ, बेटा," ती मुलीला म्हणाली. "माझ्या हातानं असाच सांडला होता एकदा. मले समजलंही नाई."

टोमणा नव्हता तो. मी तिचा चेहरा नीट पाहिला. टोमणा असता तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटायला लागलंय. ज्या हातांनी ती झाकणं ठेवली, ती धूळ काढली, त्याच हातांना ती दोष देते — माझ्यासमोर, स्वतःच्या पोरीला सांगताना.

मी पाणी प्यालो आणि रिकामा गिलास तिला परत दिला.